पाठ स्वतः बघ

चि. लेफ्टनंट हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लग्नात आईने तुझी ओळख करून देताना ‘आर्मीत ऑफिसर आहे’ म्हटलं आणि ‘नर्स’ गिळलं, ते तुला लागलं. मेसबाहेर कुणी सॅल्यूट न ठोकता पुढे गेला, तेही लागलं. बाँड संपला की हॉस्पिटल मॅनेजमेंट करू का, म्हणजे नर्स की ऑफिसर हा घोळ तरी मिटेल, असं विचारतेस.

अगं, चार पानी पत्रात एकही पेशंट नाही! तुझ्या वॉर्डात मणका मोडलेला पोरगा आलाय, हे मला तुझ्या आईकडून कळलं. रात्री त्याची पाठ कोण बघतं? ‘नर्सिंग असिस्टंट दर दोन तासांनी कूस बदलतो, मी रजिस्टरवर सही करते,’ हे उत्तर मला नको. तो बदलत असेलही, पण तू बघितलंस का? त्या मुलाला कमरेखाली काही कळत नाही. चादरीची घडी रुततेय, टाच गादीवर घासतेय, हे तो तुला सांगू शकत नाही. माकडहाड, खुबे, टाचा. लाल दिसलं तर बोटाने दाब. लाली फिकी पडून परत आली तर ठीक. तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झालीये आणि त्या कुशीवर आता त्याला ठेवायचं नाही. पाठ स्वतः बघ.

ऑफिसर असल्याचा उपयोग विचारतेस ना? ऐक. एकदा रात्री मानेला इजा झालेल्या एका हवालदाराचं डोकं फुटायला आलं, चेहरा घामाने निथळत होता. त्याला पॅरासिटामॉल देऊन झालं होतं. मी पांघरूण काढलं. कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी मांडीखाली दबून मुरडली होती, मूत्राशय तुडुंब, त्यानेच बीपी २००च्या पुढे. बसता केला, नळी सरळ केली आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला झोपेतून उठवून आणला. तो कुरकुरला. खांद्यावरचे स्टार तेव्हा कामाला आले. पण पांघरूण काढलं नसतं तर त्या स्टारचं मी काय केलं असतं?

आणि ते स्टार कुणी खिरापत म्हणून वाटलेले नाहीत. १८८८मध्ये कॅथरीन ग्रेस लॉकबाई धरून दहा इंग्लिश नर्सेस मुंबईला उतरल्या, तोवर इथल्या लष्करी इस्पितळांत आजारी सोल्जरचं सगळं ऑर्डर्ली, म्हणजे मदतनीस शिपाईच करायचे. नर्सेसना कमिशन, म्हणजे ऑफिसरचा हुद्दा, मिळायला १९४३ उजाडलं. १९७६मध्ये जी. अली राम मेजर जनरल झाल्या. भारतीय लष्करात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली बाई नर्स होती, हे पुढच्या लग्नात आईला सांग. आणि लष्करातल्याच नर्स सेलिना जॉन यांना १९८८मध्ये लग्न केलं म्हणून नोकरीतून काढलं. फक्त नर्सिंगच्या बायकांना लागू असलेला नियम! सुप्रीम कोर्टाने ६० लाख द्यायला लावले, पण २०२४मध्ये. त्या बाईची मधली वर्षं कुणी भरून द्यायची? तुझा हुकलेला सॅल्यूट मला त्यापुढे फार लहान वाटतो. राग येईल, येऊ दे.

आपल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. सगळे त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतात, बोलावंच. मला मात्र वाटतं, त्या पाण्यात उतरण्याआधी कितीतरी रात्री कुणीतरी त्यांची पाठ बघितली असणार. त्या बाईचं नाव कुठेच नाही. आपलं काम असंच राहतं. नाव हवं असेल तर खरंच दुसरं काहीतरी बघ.

मला कर्नल का केलं नाही, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. मेट्रन झाल्यावरही मी राउंडला हातमोजे घालून कुशी वळवायची. वरिष्ठ म्हणायच्या, हे आता तुमचं काम नाही. ऑफिसातली पोस्टिंग मी नाकारत गेले. त्याचा परिणाम झाला की नाही, बढतीच्या बोर्डाला ठाऊक. मी बदलले नसते. लोक हेकट म्हणतात, म्हणोत.

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली तेव्हा मी सीमेजवळच्या स्टेशनवर होते. घरच्यांनी मनापासून केलं. वेळेवर भरवायचे, उशी बदलायचे, पाय चेपायचे. पाठ बघायचं कुणाला सुचलं नाही, कसं सुचेल? रजा मिळून मी पोचले तोवर माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता. जन्मभर परक्यांच्या पाठी बघितल्या मी. म्हणून पुन्हापुन्हा तेच सांगते, कंटाळलीस तरी सांगणार.

आज रात्री हँडओव्हर झाला की पहिल्यांदा त्या पोराकडे जा. असिस्टंटला सोबत घे, त्यालाही शिकव, ओरडू नकोस. रात्रपाळीत तोच तुझा माणूस आहे. मुलाशी बोल, नुसती कूस वळवू नकोस, लाजतो बिचारा. पोटऱ्यांखाली उशी दे, टाचा अधांतरी राहू देत. मग मला कळव, लाली आहे का, कुठे आहे, किती आहे.

मॅनेजमेंटचा फॉर्म भरायचाच असेल तर भर. फी मात्र स्वतःच्या पगारातून. बाबांकडे मागायची नाही.

तुझी,
मावशी