‘द हंगर’मध्ये भीती कुठे आहे?

टोनी स्कॉट यांचा ‘द हंगर’ (१९८३) हा चित्रपट देखणा आहे, पण त्यात उत्कंठा नावालाही नाही, मग तो का पाहावा, असे आपण विचारले आहे. आपली तक्रार बरीचशी खरी आहे. जाहिरातपटांतून आलेल्या स्कॉट यांनी निळसर उजेड, वाऱ्याने फुगणारे पांढरे पडदे आणि सिगारेटचा धूर यांवर जेवढी मेहनत घेतली, तेवढी कथेच्या बांधणीवर घेतलेली नाही. रक्तपिपासू मिरियम (कॅथरीन दनव्ह) पुढे काय करणार, हे फार आधी कळते.

तरीही मी तो पाहायला सांगेन, आणि ते डेव्हिड बोवी यांच्या एका प्रसंगासाठी. मिरियमच्या सहवासात तिचा जोडीदार जॉन (बोवी) याला दीर्घायुष्य मिळाले आहे, तारुण्य मात्र अचानक सरू लागते. तो वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर साराकडे (सुझन सरंडन) धाव घेतो. ती त्याला वेडसर समजून बाहेर थांबायला सांगते. तो थांबतो. केसांतून हात फिरवतो, तर पुंजका हातात येतो. ज्या चेहऱ्याकडे आपण अर्धा तास कौतुकाने पाहिलेले असते, तोच समोर सुरकुतत जातो, आणि ती बाहेर येते तोवर तिथे एक जख्ख म्हातारा असतो. ही रंगभूषा डिक स्मिथ यांची. ‘द गॉडफादर’मध्ये मार्लन ब्रँडोंना वृद्ध केले ते त्यांनीच. आधीचे सारे सौंदर्य नसते, तर हा प्रसंग इतका लागला नसता, असे मला मनापासून वाटते.

मिरियम पियानोवर वाजवते ती रचना लिओ दलीब यांच्या ‘लक्मे’ (१८८३) या संगीतिकेतली आहे. तिची नायिका भारतातल्या ब्राह्मण पुरोहिताची मुलगी. त्या सुरांवर मिरियम आणि सारा जवळ येतात, तिथे संवादांची गरजच उरत नाही.

शेवट मात्र फसला आहे. स्वतःचा गळा चिरणारी सारा अखेरीस जिवंत दिसते, आणि खुद्द सरंडन यांनीही याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आहे.

याच जातीचा, पण अधिक नेटका चित्रपट हवा असेल, तर हॅरी क्यूमेल यांचा ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’ (१९७१) पाहावा. बेल्जियममधल्या ऑस्टेंडचे हंगाम संपल्यावरचे ओकेबोके हॉटेल, चंदेरी पोशाखातली डेल्फीन सेरिग, आणि प्रसंग संपताना काळा होण्याऐवजी लाल होत जाणारा पडदा.