लॅटिनचे पुस्तक कपाटात आणि मुलगी गप्प

प्रश्न : मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षे दिवाणी वकिली करतो. माझ्या मुलीला बारावी कला शाखेत 91 टक्के गुण मिळाले आहेत. घरची वकिली चालू असल्याने तिने पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जावे, अशी माझी अपेक्षा आहे. तिने मात्र ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा अभ्यास करण्याचा हट्ट धरला आहे. गेले वर्षभर ती स्वतःच लॅटिन शिकत होती. प्रवेश परीक्षेच्या तयारीत व्यत्यय नको म्हणून मी ते पुस्तक कपाटात कुलूपबंद केले आणि तिच्या भिंतीवरचा रोमन साम्राज्याचा नकाशाही उतरवला. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकेच बोलते. ‘त्या लोकांनी जे लिहिले ते मला त्यांच्याच शब्दांत वाचायचे आहे,’ एवढेच तिचे म्हणणे. परदेशी शिक्षणाचा खर्च मला झेपणारा नाही. परक्या आणि मेलेल्या संस्कृतीच्या या वेडातून तिला बाहेर कसे काढावे?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : गुणांविषयी बोलण्यासारखे काही नाही, ते उत्तम आहेत. आपल्या पत्रातील ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले, ती म्हणजे ते कुलूप. मुले रात्र रात्र मोबाइलवर असतात म्हणून मोबाइल काढून घेणारे पालक मला नेहमीच भेटतात. पण स्वतःहून व्याकरण शिकणाऱ्या मुलीचे व्याकरणाचे पुस्तक जप्त करणारे पालक मी आजवर पाहिले नव्हते. लॅटिनमध्ये नामांचे पाच वर्ग आहेत, सहा विभक्ती आहेत, आणि क्रियापदांची रूपे पाठ केल्यावाचून एक ओळही पुढे सरकत नाही. कोणी शिकवणारे नाही, कोणी गुण देणारे नाही, तरीही एक मुलगी वर्षभर ते करत राहते, तेव्हा तिला शिस्त नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आपण ज्या वकिलीत तिला आणू पाहता, तिथे याच चिकाटीची गरज असते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपले पत्र मूळ अडीच पानांचे आहे. वर त्याचा सारांश दिला आहे. त्या अडीच पानांत मुलीचे स्वतःचे असे एकच वाक्य आहे, बाकी सारे आपले म्हणणे आहे. नैसर्गिक न्यायाचे जे तत्त्व वकील न्यायालयात हक्काने मांडतात, ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’, म्हणजे दुसऱ्या बाजूचेही ऐका, ते आपल्या घरात लागू झालेले दिसत नाही; आणि ते ज्या भाषेत आहे, तीच भाषा आपण कपाटात बंद केली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 11 मधील रेस ज्युडिकाटा, म्हणजे एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरता येत नाही हे तत्त्व, ही रोमन कायद्याची देणगी आहे. कॉन्स्टँटिनोपलला रोमन सम्राट जस्टिनियनने 529 ते 534 या काळात जो कायदा संकलित करून घेतला, त्यावर पुढे युरोपातील अनेक दिवाणी संहिता उभ्या राहिल्या. त्यांतलीच पोर्तुगालची 1867 ची संहिता आपल्या शेजारच्या गोव्यात आली, आणि तिच्यातील कौटुंबिक कायदा तिथे आजही चालतो. तिथे बापाला मृत्युपत्र करून मुलांचा वारसा पूर्णपणे डावलता येत नाही, या नियमाचे मूळही रोमपर्यंत जाते. ज्या संस्कृतीला आपण मेलेली म्हणता, तिच्यावर आपली वकिली बावीस वर्षे चालली आहे.

आता ‘परकी’ या शब्दाविषयी, कारण हा गैरसमज आपल्या एकट्याचा नाही. ग्रीस आणि रोम म्हणजे ‘पाश्चात्त्यांचा इतिहास’, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे सुशिक्षित घरांतही सर्रास बोलले जाते. आपण कोल्हापूरचे आहात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती सापडली आणि ती आपल्याच गावच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्र जिथून सह्याद्रीपलीकडे राहिला, त्या गावात समुद्राचा देव कोणी आणि का आणला असेल, हा प्रश्न आपल्या मुलीला निश्चित पडला असेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भरूचपासून पैठण वीस दिवसांच्या आणि तेथून तेर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे, आणि तेरहून कापड जात असे हेही त्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. हे यवन मूळचे ग्रीक की केवळ त्या नावाने ओळखले जाणारे, यावर अभ्यासक आजही वाद घालतात, आणि हे लेख प्राकृतात असल्याने तो वाद प्राकृत वाचल्याशिवाय घालता येत नाही. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई या रोमन शहरात 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली; तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. ज्योतिषातील होरा आणि केंद्र हे शब्द ग्रीकमधून आले, आणि आपण बाजारात ज्याला दाम म्हणतो तो द्रख्मा या ग्रीक नाण्याचा द्रम्ममार्गे आलेला वंशज आहे. तेव्हा ‘परक्यांचे वेड’ ही तक्रार मागे घ्यावी, हे बरे.

खर्चाची चिंता मात्र रास्त आहे, आणि येथे मी आपल्या बाजूने बोलतो. अठराव्या वर्षी कर्ज काढून इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या पदवीसाठी जाण्याचा सल्ला मी देणार नाही. शाळेत लॅटिन नव्हते म्हणून तिथली दारे बंद आहेत, असेही नाही. केंब्रिजमध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांचा स्वतंत्र मार्ग आहे. पण ती घाई आज नको. तिने येथेच पदवीला इतिहास आणि संस्कृत घ्यावे आणि लॅटिन-ग्रीक बाजूला चालू ठेवावे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके या जुन्या बंदरात उत्खनन चालू आहे. तेथे सापडलेल्या बुद्धमूर्तीची बातमी 2023 मध्ये आली, आणि तेथेच तिसऱ्या शतकातील एक लेख संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेला मिळाला आहे. या दोन्ही भाषा वाचू शकणारी माणसे जगात फार नाहीत. केवळ लॅटिन जाणणारे युरोपात ढिगाने आहेत. संस्कृत, प्राकृत आणि ग्रीक या तिन्हींत पाय रोवलेली मराठी मुलगी तिथे वेगळी उठून दिसेल. म्हणून संस्कृत हा तिच्यासाठी पर्यायी विषय नाही, तो तिचा पाया आहे.

पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी, पुढे प्राध्यापकपदासाठीची नेट ही पात्रता परीक्षा किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पदविका, आणि परदेशी जायचेच असेल तर तेव्हा शिष्यवृत्तीवर, असा हा क्रम आहे. या क्षेत्रात जागा कमी आहेत, पहिली काही वर्षे मानधन तुटपुंजे असते, आणि कायम नोकरीपर्यंत पोहोचताना तिशी उलटू शकते. हे मी लपवत नाही आणि आपणही मुलीपासून लपवू नये, फक्त ते धमकीच्या सुरात सांगू नये. विधीच्या प्रवेश परीक्षेविषयी इतकेच, की पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी कुठेही पळून जात नाही, हे आपल्यासारख्या वकिलाला ठाऊक आहेच. इतिहास आणि संस्कृत शिकून आलेली मुलगी वकिलीला उणी पडेल, असे मला वाटत नाही.

मुलीलाही एक गोष्ट सांगायची आहे. रोमन साम्राज्याचे आकर्षण आणि त्या विषयाचा अभ्यास यांत अंतर असते. व्हिडिओ आणि नकाशे यांनी आकर्षण वाढते, पण त्यावर पदवी मिळत नाही. तिने येत्या सहा महिन्यांत सीझर किंवा सिसेरो या रोमन लेखकांपैकी एकाची दहा पाने मूळ लॅटिनमध्ये, शब्दकोश घेऊन, एकेका वाक्याचे अन्वय लावत वाचून पाहावीत. ती दहा पाने संपल्यावर अकराव्या पानाची ओढ राहिली, तर बाप-लेकीच्या वादाचा निकाल लागला असे समजा; कंटाळा आला, तर तेही तिला स्वतःलाच कळेल आणि आपल्याला कुलूप लावावे लागणार नाही. त्यासाठी अर्थात ते पुस्तक तिला परत द्यावे लागेल. नकाशाही परत भिंतीवर लावावा, आणि पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. त्याचे उत्तर मी तिलाच पाठवीन.