भोवळ गेली, पण गोंधळ राहिला असेल तर सकाळची वाट पाहू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की अकोल्याला लग्नाच्या मांडवात वडिलांना भोवळ आली, पाच मिनिटांत ते शुद्धीवर आले, पण संध्याकाळपासून तेच तेच विचारताहेत आणि घरी कसे आलो ते त्यांना आठवत नाही. घरचे म्हणताहेत, ऊन लागलंय, झोपले की उतरेल. कृपा करून झोपवू नका. आत्ताच दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. बाकीचं वाटेत वाचा.

मी 22 वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते. उन्हात नुसती भोवळ येते तेव्हा रक्त पायांत साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. आडवं करून पाय उंच केले की माणूस थोड्याच वेळात नीट बोलायला लागतो. तासांनंतरही गोंधळ टिकला, तर तो भोवळीचा नाही.

माझ्या सासऱ्यांचंच सांगते. मे महिना, कूलर चालू, आणि ते दर दोन मिनिटांनी विचारत होते, "स्कूटरला कुलूप लावलं का?" शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. घरच्यांनी कांद्याचा रस पाजला, तळपायाला चोळला. मी ड्यूटीवरून आले तेव्हा ती बटणं बघितली आणि रिक्षा बोलावली. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, त्यात दिवसभर घाम आणि वर नुसतं साधं पाणी. रक्तातलं सोडियम 116 निघालं, नॉर्मल 135 च्या वर असतं. ते घाईने वाढवलं तर मेंदूलाच इजा होते, म्हणून चार दिवस ठेवून हळूहळू वर आणलं. ते अगदी ठणठणीत झाले, पण ती दुपार त्यांना कधीच आठवली नाही.

तुमच्या वडिलांचं कारण हेच असेल असं नाही. पडताना डोक्याला मार लागला होता का, हे मांडवातल्या कुणाला तरी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा, कारण आतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी जाणवतो. शुगर असेल तर निघण्याआधी ग्लुकोमीटरवर बघा, पण त्यासाठी थांबू नका.

छाती-पाठ तापलेली लागली तर उष्माघात समजा, घाम येत असला तरी. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. कपडे ओले करून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा, गाडीतही चालू ठेवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. गुंगीत असतील तर तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि भोवळ किती वाजता आली ते कागदावर लिहून न्या. पोचलात की इथे कळवा, मी जागी आहे.