बाई, एक विचारू? : घरीच शिकवलं तर

प्रिय बाई,
माझी मुलगी 9 वर्षांची, चौथीत आहे. सकाळी पावणेसातला व्हॅन येते. गेले चार महिने रोज सकाळी तिचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलंय आणि ती मुलं खूश दिसतात. मी सध्या घरीच असते. यांचा विरोध नाही. सासूबाई मात्र म्हणतात, "पोरीला घरात कोंडणार का?" होमस्कूलिंगचे खरे फायदे काय? आणि दहावीचं काय करायचं?
— एक आई, नाशिक

रविवारी दुखत नाही हे लिहिलंत, ते फार बरं केलंत. आधी तेवढं शोधून काढा. वर्गात कुणी छळतंय का, व्हॅनमध्ये कुणाची भीती वाटते का, गणिताच्या तासाला उभं करतात का. एकदम विचारू नका, डोक्याला तेल लावताना विचारा. व्हॅन बदलून भागणार असेल तर व्हॅन बदला. शाळेवर चिडून मुलाला घरी आणणारे लोक मी पाहिलेत. राग महिन्याभरात उतरतो, मग समोर असतं ते पोर आणि रिकामी दुपार.

आता मी कोण सांगणारी, ते ऐका. मी सातारा जिल्ह्यात 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडणीवाल्यांच्या खोप्यांवर जाऊन नावं लिहून घेतली, पोरं हाताला धरून शाळेत आणली. आणि मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्या लेकीनं तिच्या मुलाला तिसरीतून काढलं. म्हणजे माझा नातू शाळाबाह्य! तीन आठवडे मी तिच्याशी धड बोलले नाही. त्यानंतर दर पावसाळा मी त्यांच्याकडे पुण्यात काढते, म्हणून थोडंफार सांगू शकते.

मला दिसलेला फायदा एकच, पण मोठा. मुलाला वेळ मिळतो.

पहिल्या जूनमध्ये नातवानं गच्चीवर पाऊस मोजायला कोल्ड्रिंकची बाटली कापून ठेवली. पहिले चार दिवस आकडे भलतेच यायचे. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की बाटलीचा तळ खाचाखोचांचा आहे, तिथं पाणी नीट मोजलंच जात नाही. मग त्यानं बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून ठेवलं आणि तिथं शून्याची खूण केली. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते हे कळल्यावर त्यानंही आठची वेळ बदलून साडेआठ केली. एका रात्री 25 मिलिमीटर झाला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे त्याला बापानं ताटात पाणी ओतून दाखवलं होतं. गच्ची 60 चौरस मीटरची. पोरानं भिंतीवर खडूनं गुणाकार मांडला, 1500 लिटर. "आजी, आपली टाकी 1000 लिटरची आहे. दीड टाकी पाणी गटारात गेलं!" पुढचे आठ दिवस घरात पन्हळीच्या पाइपाशिवाय दुसरा विषय नव्हता.

हे सगळं व्हायला 19 दिवस लागले. मी वर्गात क्षेत्रफळ आठ तासिकांत संपवायचे, पस्तीस मिनिटांची एक तासिका, आणि घंटा झाली की फळा पुसायचा. त्यातल्या किती पोरांना कळलं कुणास ठाऊक. डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कुरणशाळेवर आम्ही उत्तरं लिहायचो. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. उत्तर पाठ होतं, मार्कही मिळाले. नोकरीला लागल्यावर पोरांना ओळीनं बसवून हाताची घडी, तोंडावर बोट.

पण त्याच वर्षी नातवाचे पाढे बारापुढे गेले नव्हते, आणि त्याचं अक्षर पाहून माझा जीव कळवळायचा. शुद्धलेखनाचं तर बोलूच नका. लेक म्हणायची, येईल हळूहळू. पाढे आले, अक्षर अजून वाटेवर आहे.

यांचा विरोध नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी जरा थांबले. विरोध नसणारे नवरे पुष्कळ असतात. मुलाला मिळणारा हा वेळ कुणाच्या तरी दिवसातून कापला जातो, आणि आमच्या घरी तो माझ्या लेकीच्या दिवसातून कापला गेला. जावई भला माणूस, पण सुरुवातीला त्याचा वाटा म्हणजे रविवारचा एक प्रयोग आणि भरपूर कौतुक. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली, तेव्हा मीच कागद घेऊन बसले. सकाळचे सात ते नऊ त्याचे, बुधवारची संध्याकाळ त्याची, आणि त्या वेळात ती घराबाहेर. तुमच्याकडेही असा कागद आधी होऊ दे. शाळेला अर्ज मग.

सासूबाईंवर रागावू नका, त्यांचं अर्धं खरं आहे. अकरा ते चार कॉलनीत एक पोर दिसत नाही. नातू सायकलवाल्याच्या दुकानात तासन्‌तास बसतो, पंक्चर काढतो, मोठ्या माणसांशी न लाजता बोलतो. पण पहिल्या वर्षी त्याला बरोबरीचा मित्र नव्हता, आणि ते त्याला लागलं होतं. लेकीनं मग संध्याकाळचं कबड्डीचं मैदान गाठलं. पुण्यात घरी शिकणाऱ्या मुलांची कुटुंबं आठवड्यातून एकदा एकत्र येतात, तिथंही जायला लागली. नाशकात अशी दोन-तीन घरं आधी शोधा. ती सापडली नाहीत तर माझं मत थांबा असं आहे.

आता दहावी. याबद्दल लोक उगाच घाबरतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे एनआयओएस, ही केंद्राची संस्था 1989 पासून आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की तिच्या दहावीला बसता येतं. पाच विषय घ्यायचे, मराठी माध्यम मिळतं, आणि पाच वर्षांत नऊ संधी असतात, म्हणजे एकेक-दोन-दोन विषयही सोडवता येतात. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा देता येईल की नाही यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो प्रश्न मुलांच्या बाजूनं सुटला. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसायची. तिथं किमान पाचवी पास असावं लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तुमची मुलगी चौथीत आहे, तेव्हा काढायचंच ठरलं तर पाचवी होऊ द्यायची का, याचा हिशेब करा. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, जात अक्षर न् अक्षर तपासून घ्या. पुढं जातीच्या दाखल्याला हाच कागद लागतो आणि चूक निघाली की चपला झिजतात. माझ्या टेबलावर असे किती पालक रडकुंडीला आलेले आठवतात.

शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकवण्याचं नावच नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. त्याच कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. एक वर्ष करून पाहिलं आणि जमलं नाही, तर परतीची वाट उघडी आहे. परत गेलात तर लाज बाळगू नका.

आणि हो, कुणीतरी तुम्हाला मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण देईलच. दहावी-बारावीची परीक्षा न देता, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर ती 2016 मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. गोष्ट खरी आहे, मुलगी हुशार आहे. पण ती मनात ठेवून पोरीला घरी आणलंत, तर पावणेसातची व्हॅन जाईल आणि पोरीच्या पोटात गोळा आणायला तिच्या जागी तुम्ही याल.

*

प्रिय बाई,
आम्ही म्युनिकला राहतो. मुलगा येत्या सप्टेंबरमध्ये पहिलीत जाईल. तो मराठी विसरेल अशी भीती वाटते. पहिली दोन वर्षं त्याला घरीच मराठीतून शिकवावं का?
— एक बाबा, म्युनिक

तुमच्याकडे हे चालणार नाही. जर्मनीत मुलानं शाळेतच जावं असा कायदा आहे, आणि न पाठवणाऱ्या पालकांना दंड होतो. एक कुटुंब त्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं होतं. 2006 मध्ये न्यायालयानं त्यांची तक्रार विचारात घ्यायला नकार दिला. तेव्हा वकिलावर पैसे घालवू नका.

शाळा सुटल्यावर उरलेला दिवस मात्र तुमचाच आहे. त्यात बाराखडीची वही लगेच काढून बसवू नका. वाण्याची यादी त्याच्याकडून मराठीत लिहून घ्या, आणि त्यानं "साखर" लिहायचं विसरलं तर त्या आठवड्यात साखर आणू नका. आणि महिन्यातून एक पत्र इकडे आजीला. पाकिटावर देशाचं नाव आणि पिनकोड तेवढा तुम्ही इंग्रजीत घाला, बाकीचा पत्ता त्याला देवनागरीत लिहू द्या. आपल्या गावचा पोस्टमन वाचेल.