नेमबाजी कट्टा : पहिल्याच सीनला मरणारा उस्ताद

प्रश्न : काका नमस्कार, मी सिडकोत राहतो, बीकॉम सेकंड इयर. आमच्या ग्रुपची एक काउबॉय टाइप शॉर्ट फिल्म चाललीये, त्र्यंबक रोडच्या पुढे माळावर शूटिंग आहे. प्लास्टिकचं खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि भद्रकालीत एका मामांकडून चामड्याचं होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायची पिस्तुलाची पिशवी, शिवून आणलं. पण पिस्तूल काढताना दर वेळी अडकतंच, झटक्यात बाहेरच येत नाही. दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यात फास्ट ड्रॉ माझा, तरी हिरो मित्राला केलंय, मला पहिल्याच सीनला मरायचंय आणि वर त्याला शिकवायचं पण मीच. करू का सोडून देऊ?

उत्तर : अरे सोडू नकोस, अजिबात सोडू नकोस. तुला आर्वो ओयाला माहितीये का? 'गनस्मोक' नावाची अमेरिकन मालिका होती, १९५५ ते १९७५, ६३५ भाग. सुरुवातीची कितीतरी वर्षं प्रत्येक भागाच्या टायटलला रस्त्यावर मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, आणि एक बंदूकवाला समोरासमोर उभे राहायचे आणि तो बंदूकवाला मरायचा, तो हा ओयाला. आणि मार्शल झालेल्या जेम्स आर्नेसला पिस्तूल काढायला शिकवलं कोणी, तर यानेच! म्हणजे स्वतः शिकवलेल्या माणसाच्या हातून दर आठवड्याला मरायचं. ॲक्टर म्हणून रोल छोटे छोटेच मिळाले त्याला, पण त्या काळातल्या वेस्टर्नमधल्या, म्हणजे काउबॉयच्या गोष्टींमधल्या, कितीतरी हिरोंचे हात त्याने तयार केलेत, आणि माझ्या मते तेच त्याचं खरं करिअर.

आता तुझं होल्स्टर. नुसतं चामडं मऊ असतं, घट्ट शिवलं की पिस्तुलाला चिकटून बसतं आणि सैल शिवलं की तोंड मिटतं. खऱ्या रिव्हॉल्व्हरला त्रास अजून जास्त, कारण वेस्टर्नमध्ये दिसतं ते १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन, त्यात प्रत्येक गोळीला मागचा घोडा अंगठ्याने ओढावा लागतो, घोडा ओढला की सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरतात तो गोल भाग, फिरतो, आणि चामड्याने सिलिंडर धरून ठेवला तर फिरणार कसा? ओयालाने चामड्याच्या दोन थरांच्या मध्ये धातूचा पत्रा घातला. होल्स्टर ताठ राहिलं, आत सिलिंडरला जागा मिळाली, आणि पिस्तूल अजून आतच असताना अंगठ्याने घोडा ओढता यायला लागला. सगळी स्पीड तिथे आहे बघ. त्याचं पेटंट पण १९५८ साली मिळालं त्याला. तू अंबडला एखाद्या वर्कशॉपमधून पातळ पत्र्याचा तुकडा आण, कडा कानशीने नीट घास, आणि मामांना सांग दोन थरांच्या मध्ये घालून शिवा. खालची दोरी मांडीला बांध म्हणजे पिस्तुलाबरोबर होल्स्टर वर येणार नाही.

मित्राला शिकवताना आधी हळू शिकव. मुठीत धर, अंगठा घोड्यावर, वर काढ, नळी समोर, असं संथपणे शंभर वेळा. मी पोरांना वीस वर्षं पिस्तूल शिकवतोय, घाई करणाऱ्याचा अंगठा ऐन वेळी घसरतोच, आणि हळू शिकलेला पोरगा महिन्याभरात आपोआप फास्ट होतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, कोणी कितीही म्हटलं तरी सेटवर खरं हत्यार किंवा ब्लँक काडतूस आणू नका. ब्लँकमध्ये गोळी नसते पण बार खराच असतो, १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या ॲक्टरने सेटवर ब्लँक भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यात तो गेला. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत वेस्टर्नच्याच सेटवर खरी गोळी सुटून कॅमेरावाली बाई गेली. तुमचं प्लास्टिकचं असलं तरी नळी माणसाच्या थोडी बाजूला धरा, कॅमेऱ्याचा अँगल बदलला की समोरच धरल्यासारखं दिसतं. आवाज नंतर एडिटिंगला टाका, नाहीतर दिवाळीच्या टिकल्या आहेतच. आणि शूटिंगच्या आधी जवळच्या पोलीस स्टेशनला सांगून ठेवा, लांबून बघणाऱ्याला पिस्तूल प्लास्टिकचं आहे हे कळत नाही.

प्रश्न : सर, माझी मुलगी बारा वर्षांची आहे, स्वप्नील कुसळेला ऑलिम्पिकमध्ये बघितल्यापासून नेमबाजी शिकायची म्हणतेय. पिस्तूल घ्यावं लागेल का, लायसन लागतं का? (गंगापूर रोड)

उत्तर : ताई, लगेच काही घेऊ नका, पहिले सहा महिने क्लबचंच वापरू दे. ४.५ मिलिमीटरच्या स्पोर्ट्स एअर पिस्तुलाची ताकद नियमात बसत असेल तर लायसन लागत नाही. दहा मीटरवरून साडेअकरा मिलिमीटरचं दहा गुणांचं वर्तुळ गाठायचं असतं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं, त्यामुळे आधी हात स्थिर व्हायला हवा. क्लबमध्ये तिच्याकडून रिकाम्या पिस्तुलाचा सराव करून घेतील, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिले काही दिवस नाणं सारखं पडेल, तेव्हा ओरडू नका तिला.