दिवाळीत बालगृहातल्या मुलांच्या कार्यक्रमात मदत करायची आहे, सोबत काय न्यावं आणि तिथं जाऊन नक्की काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी मुंबईत, दिवाळीला चार दिवस रत्नागिरीकडे गावी येणार, बालगृहातल्या मुलांची दिवाळी पार्टी असते तिथं मदतीला जायचंय पण जाऊन आपण उगाच मध्ये मध्ये होऊ अशी भीती वाटतेय. भीती बरोबर आहे. मी पहिली दोन वर्षं तेच केलं, मध्ये मध्ये.

माझं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे, आमच्या तालुक्यातल्या बालगृहात मी आधी भाड्यानं माइक लावायला जायचो, मग भाडं घ्यायची लाज वाटायला लागली म्हणून फुकट जायला लागलो आणि मग असाच अडकलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच.

पहिलं म्हणजे तिथं कुणाला अनाथ अनाथ म्हणू नका, स्टेजवरून तर अजिबात नाही. बऱ्याच पोरांना आई किंवा बाप आहे, कुणाची आई काजूच्या फॅक्टरीत असते, कुणाचा बाप ट्रॉलरवर खलाशी, घरी बघणारं कुणी नाही म्हणून बाल कल्याण समितीच्या आदेशानं ती इथं असतात. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना न्यायला कुणी येतं ती समितीच्या परवानगीनं घरी जातात. आमच्याकडे पन्नासातली वीस-बावीस उरतात. म्हणजे तुमची पार्टी ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांची असते, हे डोक्यात ठेवून जा, आणि "तू दिवाळीला घरी नाही गेलास?" हा प्रश्न चुकूनही विचारू नका. मी विचारलाय. पोरगा काही बोलला नाही, वायर गुंडाळायला लागला, ती पण उलटी.

दुसरं म्हणजे धनत्रयोदशी ते भाऊबीज या दिवसांत तिथं पाहुण्यांची रांग असते. सकाळी एक मंडळ, दुपारी बँकेचे लोक, संध्याकाळी कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस. प्रत्येक जण स्वागतगीत म्हणायला लावतो, प्रत्येक जण लाडू भरवताना फोटो काढतो, आणि प्रत्येक जण सोनपापडीचा बॉक्स आणतो. एका वर्षी तिसऱ्या कार्यक्रमाला केक आला तेव्हा पोरांनी तो हातात धरून फक्त उभं राहायचं काम केलं, खाल्ला शेवटी आम्ही मंडपवाल्यांनी.

आणि भाषणं. मी अँप्लिफायरच्या मागे बसलेला असतो त्यामुळे स्टेजवरच्यांना दिसत नाही ते मला दिसतं. मागच्या ओळीतल्या पोरांच्या मुठीत काहीतरी असायचं, मला वाटलं खाऊ असेल, बघतो तर चिंचोके. भाषण किती मिनिटं चालणार यावर पैज. दहाच्या आत, दहा ते वीस आणि वीसच्या पुढे असे तीन ढीग, हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळावर सगळ्यांची नजर. पाहुणा "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे" म्हणाला की झटकन सगळे चिंचोके वीसच्या पुढच्या ढिगात, इतका त्यांचा अभ्यास झालाय. एकदा एक काका "शेवटी एवढंच सांगतो" म्हणून परत सुरू झाले तेव्हा मागून जो आवाज आला तो मला माइकचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर करून झाकावा लागला. तेव्हा तुम्ही भाषण करू नका, केलंत तर दहाच्या आत संपवा, त्या ढिगावर फारसं कुणी लावत नाही, एखाद्याचं नशीब उघडेल.

मग करायचं काय? खरं काम मागच्या दारी असतं. आधी अधीक्षकांना फोन करा, दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी, तुमचं नाव, कामधंदा, किती वाजता येणार, कोण कोण येणार ते सांगा, आधारची झेरॉक्स मागतील, द्या, राग मानू नका, उलट जिथं काहीच न विचारता पोरांमध्ये सोडतात तिथलं मला जास्त टेन्शन येतं. पोराला घेऊन जरा नाक्यापर्यंत जाऊन येतो, आईस्क्रीम देतो, असलं काही करू नका, परवानगीशिवाय मूल आवाराबाहेर जात नाही. एकट्या मुलाला घेऊन खोलीत बसायचं नाही, चार लोकांसमोर काय ते.

फोटोचं माझ्या चुकीवरून सांगतो. पहिल्या वर्षी मी चार पोरांचा हातात फुलबाजा धरलेला मस्त फोटो काढून व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. अर्ध्या तासात बालगृहाच्या मॅडमचा फोन, आवाज अगदी शांत, "दादा, तो आत्ताच्या आत्ता काढा." त्यातल्या एका पोराला ज्या नातेवाइकापासून सोडवून आणलं होतं त्याला तो कुठं आहे हे कळू द्यायचं नव्हतं, आणि मी मागे गेट आणि पाटीसकट फोटो टाकला होता. नंतर कळलं की हा फक्त त्यांचा नियम नाही, बाल न्याय अधिनियम 2015, त्यातलं कलम 74, मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोबाइल गाडीत ठेवून आत जा, सगळ्यात बेस्ट.

आता 2019 ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी धनत्रयोदशीला, 25 ऑक्टोबरला, मोठा कार्यक्रम ठरला होता, माझे चार स्पीकर, लायटिंगच्या माळा, कमान सगळं तयार, आणि नेमकं समुद्रात क्यार वादळ. पाऊस असा की कापलेलं भात शेतात पाण्यावर तरंगत होतं, होड्या खाडीत येऊन उभ्या. पोरांनी आठवडाभर खपून केलेले कंदील, बांबूच्या कामट्यांचे, पतंगी कागदाचे, खळ लावून चिकटवलेले, पडवीत टांगले होते, त्यांचा कागद गळून नुसते सांगाडे उरले. दुपारीच लाइट गेली. पाहुण्यांचे एकामागून एक फोन, येत नाही म्हणून. जनरेटर मी पावसात लावला नाही, करंट बसला असता.

मी सामान भरून निघणार तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "कुठं चाललास? गप नारळ खवायला बस." बसलो. मेणबत्तीच्या उजेडात बारा नारळ. पाच-सहा पोरं भोवती, कुणी कांदा चिरतंय, कुणी मिरच्या, एकाचं काम फक्त नारळाचं पाणी एका पातेल्यात गाळायचं आणि तो ते करता करता निम्मं पीत होता, मावशींना दिसत होतं पण त्या बघत नव्हत्या. पातळ पोह्यांवर ते पाणी शिंपडलं, खोबरं, कांदा, लिंबू घालून वर ताट दडपून ठेवलं, मग हिंग-मोहरीची फोडणी आणि पोह्याचे पापड चुरून. दडपे पोहे मी आयुष्यभर खाल्लेत पण त्या दिवशी पोरांनी तीन-तीन वेळा घेतले, सोनपापडीचे बॉक्स कोपऱ्यात तसेच. मग माझ्या बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्या करून एकानं पाहुण्यांच्या भाषणाची नक्कल केली, सत्कारासकट, नारळ म्हणून करवंटी. स्वागतगीत कुणी म्हटलं नाही. मॅडमसुद्धा डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत होत्या, मी त्यांना त्याआधी कधी हसताना बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी माइक लावतो पण माझा खरा दिवस नरकचतुर्दशीचा. पहाटे साडेतीनला जाऊन बंब पेटवायचा. वीस-बावीस पोरांना कडकडीत पाणी म्हणजे काय काम असतं ते तुम्हाला तिथं गेल्यावर कळेल, धुरानं डोळे लाल होतात. आंघोळीच्या जागी आपण जायचं नाही, ते काळजीवाहक बघतात, आपण बादल्या भरून बाहेर दारापर्यंत पोचवायच्या. मग तुळशीपुढे कारीट फोडायचं. आदल्या संध्याकाळी पोरं कुंपणाच्या वेलींवरून कारिटं शोधून आणतात आणि लपवून ठेवतात, कारण मोठं कारीट ज्याचं त्याची वट. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली धरून "गोविंदाऽऽ" करून फोडलं की मग फराळ.

एक पोरगा होता, बाप आंब्याच्या बागेत राखणीला, नेपाळकडचा. त्या दिवशी तो कारीट फोडायला आलाच नाही. शोधलं तर मागच्या बाजूला बालगृहाच्या कुत्र्याला झेंडूचा हार घालून, कपाळाला टिळा लावून समोर बसला होता, कुत्रा हार चावतोय. त्यांच्याकडे चतुर्दशीला कुत्र्याची पूजा असते, कुकुर तिहार. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, एवढे पाहुणे येऊन गेले तरी. पुढच्या वर्षी कुत्र्याच्या हाराचा खर्च माझ्याकडे लागला.

फटाके असतील तर वाळू आणि पाण्याची बादली आधी ठेवा, कारण सुतळी बॉम्बपेक्षा फुलबाजाची तापलेली तार जास्त त्रास देते, पोरं ती खाली टाकतात आणि दुसरा अनवाणी पाय ठेवतो. विझलेली तार थेट बादलीत. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धरा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, आणि लगेच तिथल्या माणसाला सांगा, लपवू नका.

न्यायचं काय, तर आधी विचारून न्या. मी एकदा न विचारता तीस टी-शर्ट आणले, सगळे एकाच मापाचे, होलसेलवाल्याकडे तेच होते. अजून त्यातले सहा पुसायला वापरतात. फोनवर विचारलंत तर सांगतील ते असं काहीतरी असेल, मापाच्या चपला, चड्ड्या-बनियन, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, खोबरेल तेल, तूरडाळ. घरी शिजवलेलं बाहेरचं खाणं आमच्याकडे घेत नाहीत, बाधलं तर जबाबदारी कुणाची. मिठाई आणायचीच असेल तर तुळशीच्या लग्नाला पाठवा, तोपर्यंत सगळे पाहुणे गायब झालेले असतात आणि डबेही रिकामे.

तुम्हाला चारच दिवस आहेत तर माझं ऐका, कार्यक्रमाला येऊ नका, चतुर्दशीला पहाटे या. मेसेज करा, आमच्या मॅडमना विचारून सांगतो. जुने कपडे घाला. आणि येताना दोन पेन्सिल सेल आणा, हॉलमधलं घड्याळ गणपतीपासून बंद आहे आणि चिंचोक्यांवरून पोरांची रोज भांडणं होतायत.