थंडीतली धिंगरी आणि मराठवाड्याची दुपार: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

सोयाबीन निघून खळी मोकळी झाली की धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) विचारणा वाढते. यंदा बरेच प्रश्न एकाच जातीभोवती फिरत आहेत. मोबाइलवर पाहिलेली, निळसर-करड्या जाड टोप्यांची, थंड मुलखातली धिंगरी आपल्याकडे हौस म्हणून घरी घेता येईल का, असे ते प्रश्न आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न (औसा तालुक्यातील एक ताई): "साहेब, आमच्याकडं एवढं ऊन. ही गारठ्यातली जात येईल का? धंदा करायचा नाही, घरापुरतं."

ताई, येईल. पण फक्त मार्गशीर्ष-पौषात, आणि तेही दुपार सांभाळली तरच.

तुम्ही पाहिलेली जात बहुधा प्लुरोटस ऑस्ट्रिएटस असावी. तिला टोप्या धरायला १० ते १८ अंश तापमान लागते. आपल्या भागात सर्रास घेतली जाणारी साजोर काजू २८ अंशांपर्यंत तग धरते, गुलाबी धिंगरी तर तिशीतही येते. ऑस्ट्रिएटसचे तसे नाही. वीस-बावीसच्या वर गेले की कोंब कमी धरतात, टोप्या पातळ होतात आणि तो निळसर रंगही उडून फिका पडतो.

आता आपली थंडी पाहा. डिसेंबर-जानेवारीत परभणी, लातूर, नांदेडकडे रात्रीचा पारा दहा-बाराच्या आसपास असतो, लाट आली की पाच-सहापर्यंतही उतरतो. म्हणजे रात्रीबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण त्याच दिवशी दुपारी तीन वाजता २८-२९ अंश असतात. हिमाचलात दिवसही गार असतो, आपल्याकडे गारवा फक्त रात्रीपुरता येतो. त्यामुळे रात्रीचा गारवा खोलीत कोंडून दुपार काढायची, हेच या पिकातले खरे काम आहे. बाकी सगळे नेहमीच्या धिंगरीसारखेच आहे.

तारखा मागून मोजा. टोप्या साधारण १० डिसेंबर ते जानेवारीअखेर निघायला हव्यात. त्याआधी बुरशीची पांढरी वाढ काड भरलेल्या पूर्ण पिशवीभर पसरायला तीन आठवडे लागतात आणि त्या काळात २० ते २५ अंश चालतात, ते नोव्हेंबरात घरात आपोआप मिळतात. म्हणून पिशव्या १५ ते २० नोव्हेंबरच्या दरम्यान भरा. दिवाळीतच भरून टाकू नका. बुरशी वाढताना स्वतःही उष्णता सोडते, पिशवीच्या आतले तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते. पिशव्या एकीवर एक रचल्या तर मधल्या शिजतात. दुसरी खेप घ्यायची तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरा. संक्रांतीनंतर दुपार चढायला लागते आणि फेब्रुवारीत हा नाद सोडून द्यावा. वेळेत भरले तर पहिला तोडा येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, सुमारास हाती येईल. तो त्या दिवशीच्या भज्जीत घालायचा की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे, कृषी विभागाचा त्यात काही सल्ला नाही.

स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, मागवताना एक खबरदारी घ्या. बाजारात "ब्लू ऑयस्टर" म्हणून जे मिळते ते पुष्कळदा हिप्सिझायगस अल्मेरियस असते. तीही चवीला उत्तम, पण तिला एवढी थंडी लागत नाही. म्हणून पाकिटावरच्या रंगीत फोटोवर जाऊ नका, शास्त्रीय नाव आणि तयार केल्याची तारीख विचारा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्प आणि सोलनचे अळिंबी संशोधन संचालनालय ही विचारपूस करायची भरवशाची ठिकाणे आहेत. मागणी महिनाभर आधी नोंदवा. स्पॉन पांढरेशुभ्र, दाणे एकमेकांना धरलेले असावे. हिरवा-काळा ठिपका दिसला की ते पाकीट परत करा.

प्रश्न (अंबड): "खोली गार आहे. मोहरीएवढे कोंब दिसतात आन दोन दिवसांत करपून जातात. थंडी कमी पडती का?"

थंडी नाही, ओल कमी पडते. मराठवाड्यात जितक्या पिशव्या वाया जातात त्यांतल्या बहुतेक कोरड्या हवेने जातात, उष्णतेने नव्हे. हिवाळ्यात दुपारी आपल्या हवेतली आर्द्रता तीस-पस्तीस टक्क्यांवर येते आणि कोंबाला ८५ टक्क्यांच्या आसपास हवी असते. टाचणीच्या डोक्याएवढा कोंब उघड्यावर असतो, त्याला ना साल ना पान. दोन तास कोरडा वारा लागला की टोक तपकिरी होऊन तो बसतो आणि पुन्हा उठत नाही.

पण हीच कोरडी हवा आपल्या कामालाही येते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी जोराने उडते आणि तितका गारवा जास्त मिळतो. माळ्यावर टाकलेला कूलर खाली काढा. बाहेर २८ अंश आणि पस्तीस टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर आतली हवा विसाच्या आसपास आणू शकतो आणि ओलही देतो. दोन पथ्ये पाळा. कूलरचे जुने गवत फेकून नवे बसवा, कारण त्यात वर्षभराची बुरशी बसलेली असते. आणि झोत पिशव्यांवर नको, भिंतीवर मारा.

चार पिशव्यांसाठी कूलर लावणे जिवावर येत असेल तर जुना उपाय करा. खोलीत तीन बोटे वाळूचा थर देऊन तो ओला ठेवा, खिडकीला आणि दाराला दुहेरी बारदाना लावून दिवसातून तीन-चारदा भिजवा. माळवदाचे, म्हणजे मातीच्या धाब्याचे, घर असेल तर तुमचे निम्मे काम झाले. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र हा खेळ मांडू नका. भाजीपाला ठेवायला दुहेरी विटांचा, मधे वाळू भरलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष काहींनी बांधला आहे. त्यातही पिशव्या ठेवून पाहायला हरकत नाही, मात्र रात्री झाकण उघडे राहिले पाहिजे.

दिवसाचा क्रम असा ठेवा. संध्याकाळी सात-आठला खिडक्या उघडा, रात्रभर गार हवा आत येऊ द्या. सकाळी ऊन तापायच्या आत बंद करा, बारदाने भिजवा. पिशवी पांढरी झाल्यावर हा रात्रीचा एकदम उतरलेला पारा, ताजी हवा आणि थोडा उजेड मिळाला की आठवडाभरात कोंब धरतात.

पाणी बारीक तुषारांनी मारा, कोंबावर थेट धार नको. आणि कृपा करून शेतातला फवारणी पंप वापरू नका. तो कितीही धुतला तरी त्यात तणनाशक-कीटकनाशकाचा अंश उरतो आणि हे तुम्ही खाणार आहात. इस्त्रीवाले वापरतात तसली नवी प्लॅस्टिकची फवारणी बाटली घ्या.

प्रश्न (रेणापूर): "सोयाबीनची गुळी ढीगभर पडून आहे. तीच चालेल का? आणि पातेल्यात उकळायची किती?"

गुळी, म्हणजे मळणीनंतर उरलेली काडी-टरफले, चालते, आणि गव्हाच्या काडापेक्षा उत्पन्न बरे देते. मात्र काढणीच्या वेळी पावसात भिजून काळी पडलेली गुळी घेऊ नका, तिच्यात आधीच दुसऱ्या बुरश्यांनी घर केलेले असते. यंदाची, सोनेरी, खडखडीत वाळलेली घ्या. चाळून घ्या, कारण टरफलांत अडकलेले सोयाबीनचे दाणे पिशवीत आधी कुजतात आणि तिथूनच घाण सुरू होते. पऱ्हाटी आणि तुराट्याही चालतात, पण बारीक करायला यंत्र लागते. हौसेपुरते त्या भानगडीत पडू नये.

काड दीड-दोन इंचाचे करा. रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवा. मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. उकळायचे नाही. उकळीने काडातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि मोकळ्या जागेवर पहिला नंबर हिरव्या बुरशीचा लागतो. थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. नसेल तर पाण्याच्या तळातून बारीक बुडबुडे सुटतात, वाफ निघते, पण उकळी फुटलेली नसते, तिथे जाळ कमी करा. पुस्तकांत कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिन ही रसायने वापरून काड निर्जंतुक करायची पद्धत दिलेली असते. घरात ती करू नये, फॉर्मालिनच्या वाफा डोळे आणि घसा जाळतात.

नंतर काड स्वच्छ जाळीवर निथळा. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर अजून थांबा. ओल जास्त राहिली की चार-पाच दिवसांत पिशवीला आंबूस वास येतो.

हिशेब साधा आहे. पाच किलो कोरडी गुळी भिजून सोळा किलोच्या आसपास भरते. तिच्या चार पिशव्या होतात आणि अर्धा किलो स्पॉन लागते. एक थर काड, कडेने थोडे स्पॉन, पुन्हा काड, असे दाबून भरा. तोंड बांधा, चार-चार बोटांवर सुईने भोके पाडा. तीन तोड्यांत मिळून तीन-चार किलो ताजी धिंगरी मिळाली तर उत्तम समजा. जाहिरातीतले आकडे विसरा.

प्रश्न (पूर्णा): "चारपैकी तीन पिशव्या हिरव्या पडल्या. स्पॉन खराब होतं का?"

स्पॉनवर येण्याआधी मला सांगा, त्याच आठवड्यात हरभऱ्याला बीजप्रक्रिया केली होती का? नोव्हेंबरात आपल्याकडे घरोघरी ट्रायकोडर्मा लावून हरभरा पेरतात. मर रोगावर ते औषध उत्तमच आहे, पण अळिंबीच्या पिशवीतली हिरवी बुरशी म्हणजे बहुतेक वेळा हाच ट्रायकोडर्मा किंवा त्याचा भाऊबंद. तो बुरशीवर जगणारा बुरशी आहे, त्याला धिंगरी आणि मर यांतला फरक कळत नाही. तीच बादली, तेच घमेले, तेच हात वापरले की पिशवी गेली म्हणून समजा. बीजप्रक्रिया आणि पिशव्या भरणे यांत चार दिवसांचे अंतर ठेवा, भांडी वेगळी ठेवा, आंघोळ करून धुतलेले कपडे घालून पिशव्या भरा.

हिरवी पडलेली पिशवी खोलीत उघडू नका. तशीच बाहेर नेऊन दूरच्या उकिरड्यात पुरा. नखाएवढाच ठिपका असेल तर पिशवी वेगळी ठेवून वाट पाहायला हरकत नाही, कधी कधी पांढरी बुरशी त्यावर मात करते.

प्रश्न (भूम): "वाड्यात जुनं बळद हाय, पेवही हाय. गार असतंय. बळदात दोन पिशव्या ठेवल्या तर दांडे हातभर आणि टोप्या बटनाएवढ्या आल्या."

काका, गारवा मिळाला पण हवा कोंडली. अळिंबी आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो साचला की दांडा हवा शोधत लांबतो आणि टोपी उघडत नाही. उजेडाची कमतरता असली तरी असेच होते. पिशव्या बळदातून, म्हणजे धान्याच्या बंद कोठारातून, काढून ओसरीतल्या सावलीच्या खोलीत आणा. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरे, थेट ऊन नको. पुढचा तोडा नीट येईल.

पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, मात्र पिशव्या ठेवूच नका, आणि कोणाला आत उतरवूही नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचून राहतो. धान्याच्या पेवात गुदमरून माणसे गेल्याचे आपल्या भागाला नवे नाही. तिथे बुरशीची आणखी भर कशाला?

प्रश्न (देगलूर): "जाड दांड्याची किंग ऑयस्टर घेऊ का?"

पहिल्या वर्षी नको. ती प्लुरोटस इरिंजी, हिला १२ ते १८ अंश तर हवेतच, शिवाय नुसत्या गरम पाण्याच्या काडावर ती नीट येत नाही. कोंडा मिसळून प्रेशर कुकरमध्ये दीड-दोन तास निर्जंतुक करावे लागते. ऑस्ट्रिएटसचा एक हंगाम निभावला की जानेवारीसाठी एक-दोन पिशव्या करून पाहा.

प्रश्न (गेवराई): "एक कंपनी स्पॉन देऊन माल परत विकत घेते म्हणते. पैसे भरू का?"

नका भरू. माल घेण्याचा करार कागदावर, दरासह आणि हमीसह असेल तर तो घेऊन कार्यालयात या, मग बोलू. ताजी धिंगरी उघड्यावर दिवसभर, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. गिऱ्हाईक जवळ नसेल तर माल अंगावर येतो. उरलीच तर वाळवा, त्या बाबतीत आपले ऊन कोणालाही हार जाणार नाही. दहा किलोची साधारण एक किलो होते.

प्रश्न (वसमत): "तोडायची कधी? आणि घरात आईला खोकला लागलाय, त्याचा याच्याशी संबंध असंल का?"

असू शकतो. टोपीची कड खाली वळलेली असते तोवर तोडा. कड सपाट होऊन वर वळायला लागली की टोपी बीजाणू सोडते, खालच्या पिशवीवर पांढरी भुकटी दिसते ती हीच. बंद खोलीत ती रोज श्वासात गेली तर खोकला, ताप, दम लागतो. झोपायच्या खोलीत पिशव्या ठेवू नका, आत जाताना तोंडाला रुमाल बांधा, दमेकऱ्यांना हे काम देऊ नका. पिशव्या बाहेर हलवूनही आईंचा खोकला आठवड्यात थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि घरात अळिंबी आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

तोडताना सुरी नको. घोसाला बुडाशी धरून हलके पिळा, बुडखा पिशवीत राहिला तर कुजतो आणि चिलटे येतात. चिलटांसाठी कपाशीत लावता तेच पिवळे चिकट सापळे टांगा, औषध मारू नका. शिजवूनच खा. आणि घरची धिंगरी जमली म्हणून बांधावरची छत्री उपटून आणू नका, तिच्यातली विषारी कोणती हे नुसते पाहून ठरत नाही.

तीन तोडे झालेली पिशवी गांडूळखताच्या बेडात टाका, हरभऱ्याच्या रानात नेली तरी चालेल. हिरवी पडलेली असेल तर मात्र ती पुढच्या हंगामाच्या खोलीपासून लांबच जाऊ द्या.